खरे लिहिले, मग भीती कसली?

नोकरी सोडली की जुन्या साहेबाविषयी बोलण्याची उबळ येते, ती काही आजची नव्हे. पूर्वी ती कट्ट्यावर जिरत असे. आता इंटरनेटवर चढते, आणि पुसली तरी कुणाच्या तरी फोनमध्ये उरते. वर तरुण मंडळी विचारतात, ‘खरे तेच लिहिले, मग भीती कसली?’

त्यांना आपल्या पुण्याचेच उदाहरण द्यावे. 1882 साली टिळक-आगरकर जेमतेम सव्विशीचे. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो, या कळकळीने ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांतून त्यांनी दिवाण बर्व्यांवर टीकेची झोड उठवली. हेतू निर्मळ, पण ज्या पत्रांवर भिस्त ठेवली, ती बनावट निघाली! माफी मागूनही चार महिन्यांची कैद झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले.

आज 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 356 लागू आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. दिवाणी भरपाईचा दावा निराळाच. शिवाय फौजदारीत नुसते खरे असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलेले असावे लागते. ‘तिथे माझे मन रमले नाही’ हे मत झाले. ‘साहेब पैसे खातो’ हा आरोप, आणि आरोपाला कागद लागतो. पगार थकला असेल तर कामगार आयुक्तांकडे अर्ज करावा. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा कायदा अब्रुनुकसानी मानीत नाही.