खोका दुकानात, गोळी घरात

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्याचा क्यूआर कोड आणि १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक प्रत्येक किरकोळ व घाऊक दुकानात ठळकपणे लावावा, असे केंद्रीय औषध नियंत्रकांचे फर्मान आहे. बहुतेकांनी कागद लावला. लावला म्हणजे लायसन्सच्या फ्रेमशेजारी, काउंटरपासून इतक्या वर की तरण्या माणसाचा मोबाइलही तिथे पोचू नये. इन्स्पेक्टर आले, कागद दिसला, शेरा मिळाला, विषय संपला.

पण औषधांच्या वेष्टनावरच्या आधीच्या कोडचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. नोव्हेंबर २०२२ ची अधिसूचना, शेड्यूल एच-२, तीनशे ब्रँड, १ ऑगस्ट २०२३ पासून सक्ती. त्यात एक सवलत आहे: आतल्या वेष्टनावर जागा नसेल तर कोड बाहेरच्या वेष्टनावर चालेल. बाटलीतून येणाऱ्या थायरॉइडच्या गोळ्यांचे ठीक आहे, बाटली गिऱ्हाइकाबरोबर घरी जाते. दहा पट्ट्यांचा खोका कुणाच्या घरी जातो? तो आपल्या रॅकवर बसतो आणि शेवटची पट्टी विकली की रद्दीत पडतो. ‘बाबा, गोळी स्कॅन करून बघत जा,’ असे मुलगा बंगळुरूहून बजावतो. बाबांच्या हातात कोडच नसतो. असला, तरी त्यात काय मिळणार? नाव, बॅच, तारखा, उत्पादक, लायसन्स नंबर. कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, याचे अवाक्षर नाही. नकली माल ओळखायला काढलेला कोड रुग्णांची सोय म्हणून मिरवण्यात अर्थ नाही.

आणि पट्टीवर कोड छापलेला असला की कात्री आपली आहेच. ‘पेन्शन होईपर्यंत सहाच द्या,’ म्हणणाऱ्याला सहा द्याव्याच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण कापलेल्या तुकड्याबरोबर बॅच आणि एक्स्पायरी लिहून किती जण देतात? प्रत्येक गोळीमागे तारीख आणि कोड असलेल्या छिद्रांच्या पट्टीची चर्चा केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्ये उद्योगाशी केली होती. तशी पट्टी हाती येईपर्यंत दोन ओळी पाकिटावर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

मोबाइलवर गोळीची आठवण करून देणारी ॲप्स आता घराघरांत आली आहेत. वाईट नाहीत. पण त्यांना एकादशी कळत नाही. आजींचा निर्जळी उपवास, सकाळी आठला घंटा वाजते, सून आज्ञाधारकपणे ग्लिमेपिराइड पुढे करते आणि दुपारी आजी घामाने डबडबून पडतात. मेथोट्रेक्सेटचे त्याहून वाईट. संधिवाताला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी नातवाने ॲपमध्ये भरताना ‘रोज’ निवडली, तर ॲप निष्ठेने रोज वाजेल. तो घोळ जिवावर बेततो. तिथे वार ठरवून सांगणारा आणि पाकिटावर मराठीत ‘फक्त सोमवारी’ लिहून देणारा माणूस लागतो. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी रुग्णाला समजावून सांगण्याचे काम आपल्यावरच टाकले आहे. डॉक्टरांचे ‘बीडी’ नि ‘एचएस’ बिलावर तसेच उतरवणे याला समुपदेशन म्हणत नाहीत.

सर्वांत कामाचे साधन तर आपल्या काउंटरवरच पडून आहे. बिलिंग सॉफ्टवेअरमधला सॉल्टचा रकाना आपण कशासाठी उघडतो? सबस्टिट्यूट काढायला, स्पष्टच बोलायचे तर जास्त मार्जिनचा माल शोधायला. त्याच रकान्यावरून हेही कळू शकते की, या मोबाइल नंबरवर गेल्या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांनी लिहिलेली टेल्मिसार्टन गेली आहे आणि आज फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीच दुसऱ्या नावाने चालली आहे. नाव वेगळे, रंग वेगळा, कंपनी वेगळी. घरी दोन्ही पट्ट्या एकाच डब्यात आणि दोन्ही चालू. कित्येक सभासदांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सूचना देण्याची सोय आहे, पण बिल करताना मध्येच खिडकी उघडते म्हणून ती बंद करून ठेवली आहे! गिऱ्हाइकाचा नंबर आपण सवलतीचे मेसेज पाठवायला घेतो, तेव्हा मात्र वेळ असतो.

ऑनलाइनवाल्यांच्या नावाने खडे फोडणाऱ्या ठरावांना आमचा विरोध नाही. पण ते रिफिलची आठवण वेळेवर करतात आणि आपण बीपीची गोळी संपून चार दिवस झालेल्या म्हाताऱ्याला ‘चिठ्ठी आणा’ एवढेच म्हणतो.

तेव्हा आजच सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा. सॉल्ट दुबार होत असेल तर सूचना चालू करून घ्या, साठीपुढच्या गिऱ्हाइकांसाठी मराठी डोस-लेबल मोठ्या टायपात छापून घ्या, नंबर नोंदवताना कशासाठी ते सांगून होकार घ्या आणि जन औषधीतून किंवा ऑनलाइन आणलेल्या गोळ्याही काउंटरवर आणून दाखवायला सांगा, आपल्या बिलात त्या कधीच दिसणार नाहीत. भिंतीवरचा तो कागद हात पोचेल इतका खाली आणा. आपण वापरत असलेल्या मराठी लेबलांचे नमुने आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाची दोन पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.