दुसऱ्या नंबरची थकबाकी

गेल्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीत माझा जो जाहीर पराभव झाला, त्याची इतिहासात नोंद होण्याची शक्यता कमी. तेव्हा ती मीच करून ठेवतो. मुलांचा फॅन्सी ड्रेस आणि महिलांची पाककृती स्पर्धा आटोपल्यावर कमिटीनं 'नव्वदीची गाणी' अशी प्रश्नमंजूषा ठेवली होती. बक्षीस : स्टीलचा डबा, झाकणासकट. आता नव्वदीचं दशक म्हणजे आमचं माहेर! कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक मांडीवर आणि डोळे केबलवरच्या एमटीव्हीवर, अशा योगासनात मी बी. कॉम. झालो. त्या आसनाचा परिणाम गुणपत्रिकेवर दिसला, पण गाणी मात्र पक्की झाली.

हिंदी गाण्यांच्या फेरीत माझं बरं चाललं होतं. मग परदेशी गाण्यांची फेरी आली आणि प्रश्न पडला : 'बार्बी गर्ल', 'टॉर्न', 'वंडरवॉल' आणि 'एंजल्स' यांपैकी कोणतं गाणं ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं? मी ताठ बसून म्हणालो, "एंजल्स!"

चूक. बरोबर उत्तर 'बार्बी गर्ल'. 'टॉर्न' दुसरं, 'वंडरवॉल' दुसरं आणि माझं 'एंजल्स' तर चक्क चौथं! प्रश्न विचारत होता सेक्रेटरींचा भाचा. इंजिनिअरिंगला आहे. मी म्हटलं, "अरे, पण ते गाणं अजून वाजतंय!" तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, नियम म्हणजे नियम. चौथं ते चौथं."

डबा सी विंगमध्ये गेला. मला त्या रात्री झोप आली नाही. सौ. म्हणाली, "असले चार डबे आहेत घरात, माळ्यावर." पण प्रश्न डब्याचा नव्हता, तत्त्वाचा होता. (डबा न मिळाल्यावर प्रश्न तत्त्वाचाच होतो.) वीसएक वर्षं दुसऱ्यांची खाती तपासून पोट भरणारा माणूस मी. म्हटलं, या पहिल्या नंबरचं खातं एकदा तपासूनच पाहू. आणि सांगतो तुम्हाला, जे निघालं ते पाहून मी कॉटवर उठून बसलो.

'टॉर्न'चंच घ्या. नाताली इम्ब्रूलिया नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलीनं 1997 साली गायलेलं. ब्रिटनमध्ये त्याच्या प्रती दहा लाखांच्या वर खपल्या. दहा लाख! पण जो आठवडा तिनं यादीत शिरायला निवडला, त्या आठवड्यात वरच्या खुर्चीत 'बार्बी गर्ल' बसली होती आणि ती चार आठवडे उठली नाही. झालं. दहा लाख लोकांनी पैसे मोजून घरी नेलेलं गाणं कायमचं 'दुसरं' राहिलं.

'वंडरवॉल'ची कथा तर डोळ्यांत पाणी आणणारी आहे. ओअ‍ॅसिस या बँडचं हे गाणं 1995 च्या नोव्हेंबरात दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. कुणामुळे? तर रॉबसन ग्रीन आणि जेरोम फ्लिन या दोघांमुळे. हे दोघे मूळचे गायक नव्हेत, टीव्हीवरच्या एका लष्करी मालिकेतले नट. मालिकेत एक जुनं गाणं गायले, प्रेक्षकांना आवडलं, त्याची रेकॉर्ड निघाली आणि त्याच वर्षी त्यांनी पल्प या बँडच्या 'कॉमन पीपल'ला दुसऱ्या क्रमांकावर थोपवलं. मग पुढची रेकॉर्ड काढून 'वंडरवॉल'ला थोपवलं. म्हणजे आपल्याकडे दूरदर्शनवरच्या इन्स्पेक्टरनं भावगीतं गाऊन भल्याभल्या गायकांना खाली बसवावं, तसला प्रकार! ओअ‍ॅसिसची पुढेमागे आठ गाणी ब्रिटनमध्ये पहिली आली. त्या आठांत 'वंडरवॉल' नाही. 2020 साली हेच गाणं एकट्या स्पॉटिफायवर शंभर कोटी वेळा वाजून झालं. त्या दोघा नटांची ती गाणी तुम्हाला आठवतात? मला तर नावंही शोधून काढावी लागली.

आणि माझं 'एंजल्स'! रॉबी विल्यम्सचं. हेही 1997 चंच. चौथ्याच्या वर कधी गेलंच नाही. पण खपलं दहा लाखांच्या वर. पुढे या गृहस्थाची सात गाणी पहिली आली, त्यातलं एकही 'एंजल्स'इतकं खपलं नाही. 2005 साली ब्रिट पुरस्कारांच्या वेळी लोकांनी मतं देऊन त्याला आधीच्या पंचवीस वर्षांतलं सर्वोत्तम ब्रिटिश गाणं ठरवलं. तिकडे ते लग्नातही वाजवतात आणि अंत्यविधीलाही. जन्मभराची दोन्ही टोकं ज्यानं सांभाळली, ते गाणं चौथं!

आता तुम्ही म्हणाल, जास्त खपलं तर वर का नाही गेलं? इथेच तर मेख आहे. यादी तेव्हा मोजायची ती फक्त एका आठवड्याची विक्री. रविवारी पाटी कोरी व्हायची. किती लोकांनी गाणं घेतलं याला तिथे महत्त्व नव्हतं. किती लोकांनी एकाच वेळी धावत जाऊन घेतलं, याला होतं. कंपन्या काय दुधखुळ्या नव्हत्या. रेकॉर्ड बाजारात येण्याआधी काही आठवडे गाणं रेडिओवर वाजवून वाजवून गिऱ्हाइकाला आतुर करून ठेवायचं. पहिल्या आठवड्यात किंमत पाडायची. एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या सीडी काढायच्या, म्हणजे भाबडा चाहता दोन्ही घेतो. वर चढायचं म्हणजे शिड्या लागणारच! मग गाणं पहिल्या क्रमांकावर उडी घ्यायचं आणि पुढच्या आठवड्यात दुसरं कुणी तिथे. 2000 साली तर ब्रिटनमध्ये बावन्न आठवड्यांत चाळीसहून अधिक गाणी पहिली आली. एवढी वर्दळ आमच्या पासबुक छापायच्या मशीनपाशी पगाराच्या दिवशीही नसते.

बँकेत काम करणाऱ्याला हे सांगायला नको. आमच्याकडे याला 31 मार्च म्हणतात. त्या दिवशी ताळेबंद सुदृढ दिसावा म्हणून मोठ्या गिऱ्हाइकाच्या हातापाया पडून ठेवी आणायच्या. संध्याकाळी आकडा पाहून साहेब पेढे वाटतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या ठेवी आल्या वाटेनं परत जातात. आणि वर्षभर दर महिन्याला न चुकता पाचशे रुपयांचं रिकरिंग भरणाऱ्या आजींना पेढा कुणी विचारत नाही.

अमेरिकेत असल्याच एक आजी होत्या. वय वर्षं चौदा. लीअ‍ॅन राइम्स. तिनं 1997 साली 'हाऊ डू आय लिव्ह' हे गाणं गायलं. डिसेंबरात ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. वर होतं राजकुमारी डायानाच्या मृत्यूनंतर एल्टन जॉननं गायलेलं श्रद्धांजलीचं गाणं. त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार? पण एल्टन जॉनचं गाणं चौदा आठवडे वर राहून उतरलं आणि ही पोरगी मात्र यादीत एकोणसत्तर आठवडे ठाण मांडून बसली. तेव्हाचा तो विक्रम; मोडायला 2009 साल उजाडलं. प्रती खपल्या तीस लाखांच्या वर. क्रमांक? दुसरा.

त्या अमेरिकेत आणखी एक गंमत होती. 1998 च्या डिसेंबरपर्यंत तिथे नियम असा, की जे गाणं स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून दुकानात विकायला नाही, त्याला मुख्य यादीत प्रवेशच नाही. 'टॉर्न' तिथल्या रेडिओच्या यादीत अकरा आठवडे पहिलं होतं. देशभर तेच वाजत होतं. पण मुख्य यादीत त्याचं नावच नाही! नियम बदलला तोवर गाण्याचा भर ओसरला होता. मग यादीत शिरलं आणि फार तर बेचाळिसावं आलं. म्हणजे खिडकीवर पैसे मोजून दिले, पण फॉर्म भरला नव्हता, म्हणून पैसे दिलेच नाहीत!

इथवर आलो आणि मला एकदम आमचे गुरुजी आठवले.

2006 ची गोष्ट. मी तेव्हा बचत खात्यांच्या काउंटरवर होतो. त्या काळी बचत खात्यावर व्याज कसं मिळायचं, ठाऊक आहे? महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यांत कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच. एक निवृत्त शिक्षक यायचे. खात्यात वीस हजार. महिनाभर हात लावला नाही. पण अठ्ठावीस तारखेला पत्नीला दवाखान्यात ठेवावं लागलं म्हणून एकोणीस हजार काढले. अठ्ठावन्न रुपये व्याज मिळायचं तिथे जेमतेम तीन पडले. गुरुजी पासबुक घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "अहो, सत्तावीस दिवस पैसे तुमच्याकडेच होते ना?"

मी म्हणालो, "गुरुजी, नियम म्हणजे नियम."

मीसुद्धा अत्यंत नम्रपणेच म्हणालो होतो. गुरुजींनी पासबुक मिटलं, पिशवीत ठेवलं आणि "बरं" म्हणून निघून गेले. पुढे 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकीवर व्याज द्यायचं ठरलं. म्हणजे गुरुजींचा हिशेब बरोबर होता, देशाचा चुकत होता. पैसे तेच, दिवस तेच. फक्त मोजायची रीत बदलली.

माझं भांडण आहे ते या रीतीशी. 'बार्बी गर्ल'शी माझं वैर नाही. तीही भरपूर खपली, टाकून बोलायचं कारण नाही. त्या दोघा नटांच्या रेकॉर्डीही लोकांनी खिशातल्या पैशांनीच घेतल्या. पहिला आलेला चोर असतो असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, आकड्याला जे विचारलंय तेवढंच उत्तर तो देतो. 'या सात दिवसांत कोण पुढे?' एवढाच प्रश्न होता. आपण ते उत्तर घेऊन पंचवीस वर्षं 'सगळ्यांत मोठं कोण?' या प्रश्नापुढे चिकटवतो, आणि वर त्याला डबा देतो! छापा ना क्रमांक, जरूर छापा. पण शेजारी एकूण किती खपलं ते लिहा, किती आठवडे टिकलं ते लिहा. ताळेबंदाला जोडपत्रं असतात, मग गाण्यानंच काय पाप केलंय?

निदान काळ तरी अधूनमधून फरक भरून देतो. मरिया कॅरीचं ख्रिसमसचं गाणं 1994 साली ब्रिटनमध्ये दुसरं राहिलं होतं. दर डिसेंबरात बिचारं परत यायचं. 2020 साली ते पहिलं आलं. सव्वीस वर्षांनी थकबाकी मिळाली. बिनव्याजी, पण मिळाली.

हे सगळं मी सेक्रेटरींच्या भाच्याला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं. चौथ्या मजल्यापर्यंत त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी प्रश्न तुम्हीच काढा." मी लगेच होकार दिला. पहिला प्रश्न ठरलेलाही आहे, डब्याचं मी केव्हाच सोडून दिलंय, झाकणासकट.

गुरुजींचे पंचावन्न रुपये मात्र अजून कुठल्याच खात्यात बसत नाहीत.