मूल वाचूं लागलें कीं नाहीं, हें पालकांस कोण सांगणार ?

पहिलें सत्र संपतें आणि मुलाच्या हातीं प्रगतिपत्रक येतें. बाप तें उलटून पाहतो. भाषेपुढें ‘ब-१’ अशी श्रेणी असते, खालीं ‘प्रगति समाधानकारक’ असा शेरा असतो. तो सही करितो व पत्रक शाळेंत परत जातें. मुनिमानें वर्षाच्या हिशेबाऐवजीं ‘व्यवहार समाधानकारक’ एवढेंच लिहून आणिलें तर जो व्यापारी वही त्याच्या अंगावर भिरकावील, तोच गृहस्थ पोराच्या शिक्षणाच्या बाबतींत याच दोन शब्दांवर सहा महिने निश्चिंत राहतो, याचें आम्हांस नवल वाटतें.

‘ब-१’ म्हणजे शेंकडा ७१ ते ८० गुण, एवढें फार तर कळेल. पण मूल जोडाक्षर वाचतें काय, पूर्वीं न पाहिलेला उतारा त्यास लागतो काय, वाचलेल्याचा अर्थ तें आपल्या शब्दांत सांगतें काय, हें त्या श्रेणींतून कळत नाहीं. शिवाय वाचनाच्या बाबतींत घरच्यांची फसगत सहज होते. धडा वर्गांत रोज मोठ्यानें म्हटला जातो. चित्र पाहून व पहिला शब्द ओळखून मूल अख्खें पान धडाधड म्हणून दाखवितें. तेच शब्द दुकानाच्या पाटीवर किंवा वर्तमानपत्राच्या मथळ्यांत दिसले म्हणजे गाडें अडतें. फळ्यावरून सुबक अक्षरांत उतरून घेणारें मूल वाचणारें असतेंच असें नाहीं. इंग्रजी शाळांत तर हा धोका दुप्पट. कारण तेथें पुष्कळदां पालकाचेंच इंग्रजी बेताचें असतें आणि मुलाची पोपटपंची त्यास विद्वत्ता वाटते.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानें २००५ सालापासून होत आलेल्या ‘असर’ पाहणींत मुलांस त्यांच्या घरीं गांठून अक्षरें, शब्द, सोपा उतारा व दुसरीच्या योग्यतेची गोष्ट अशा क्रमानें वाचावयास देतात. २०२४ सालीं देशाच्या ग्रामीण भागांतील तिसरीच्या मुलांपैकीं अशी गोष्ट वाचूं शकणारीं शेंकडा २७ च्या सुमारास भरलीं. शहरांतील मुलांचें काय, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं पाहावें. तिसरीनंतर गणिताचें उदाहरण काय आणि इतिहास काय, सारें वाचूनच समजावयाचें असतें. तेथें मागें पडलेलें मूल सर्वच विषयांत मागें पडतें, आणि घरीं त्याचा बोभाटा होतो तो पांचवी-सहावींत.

कोल्हापुरांत १९१७ सालीं शाहू महाराजांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, तेव्हां मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. त्या काळीं सरकारास पालकाकडे जाब मागावा लागला. आतां मूल शाळेंत गेलें आहे. जाब विचारण्याची पाळी पालकाची आहे, आणि कायदा त्याच्या बाजूस आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याचें कलम २४ शिक्षकावर असें कर्तव्य घालतें कीं, त्यानें पालकांच्या नियमित सभा घ्याव्या व मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगति त्यांस कळवावी. सभा होतातही, पण ऐन दुकानदारीच्या वेळीं, आणि त्यांत बोलणें होतें तें गणवेश, फी व स्नेहसंमेलन यांचें!

यावर शिक्षक म्हणतील कीं, निवडणूक व जनगणना सांभाळून आम्हीं हें केव्हां करावें ? तक्रार खोटी नाहीं. तथापि प्राथमिक वर्गास कायद्यानें तीस मुलांमागें एक शिक्षक ठरविला आहे. प्रत्येक पालकास पांच मिनिटें दिलीं तर अडीच तास होतात. सत्रांतून एकदां एवढा वेळ निघूं नये काय? त्या पांच मिनिटांत पालकासमोर मुलाकडून एक अनोळखी उतारा वाचून घ्यावा, आणि पत्रकावर श्रेणीऐवजीं ‘शब्द वाचतो, जोडाक्षरांत अडखळतो, घरीं रोज दहा मिनिटें ऐकावें’ असें साध्या मराठींत लिहावें.

शिक्षकांची दुसरी शंका आम्हांस अधिक वजनदार वाटते. मूल कच्चें आहे असें सांगितलें कीं, कित्येक बाप घरीं जाऊन हात उगारतात, नाहीं तर दुसऱ्याच दिवशीं शिकवणी लावून मोकळे होतात. म्हणून गुरुजी गोड शेरा लिहून वेळ मारून नेतात. अशा बापांस आमचें सांगणें आहे कीं, माराच्या भीतीनें जोडाक्षर सुटत नाहीं. भ्यालेलें मूल उलट पाठ म्हणून दाखविण्याची युक्ति अधिक शिकतें. आईस स्वतःला वाचतां येत नसलें तरी तिनें शेजारीं बसून ऐकावें आणि ‘मग पुढें काय झालें ?’ एवढें विचारावें. ज्यास अर्थ लागला आहे तें मूल सांगतें. ज्यास लागला नाहीं तें पुन्हां पुस्तकाकडे पाहूं लागतें.

येत्या सभेस जाणाऱ्या पालकानें गुणांची चौकशी मागाहून करावी. आधीं एखादें न वाचलेलें पान पुढें ठेवून, हें माझ्या मुलाकडून येथेंच वाचून घ्या, असें गुरुजींस नम्रपणें म्हणावें.