जाणार तो, तयारी तिची!

आमच्या वस्तीतला एक मुलगा मिलिटरीत आहे. त्याची पलटण शांतिसेनेत दक्षिण सुदानला निघाली, म्हणून तो सुट्टीवर आला. घरात आनंदीआनंद. त्याची बायको आम्हाला विचारते, "भाऊ, मला नि पोरांना नेतील का हो?"

आम्ही म्हटले, नाही, ताई. अमेरिकेच्या फौजेत जवानाची बदली जर्मनी-जपानला झाली, की बरेचदा बायकोमुलेही सोबत जातात. आपल्या शांतिसेनेच्या तुकडीत तसे नाही. तो जाणार, तुम्ही इथेच. ती म्हणाली, "मग मी काय तयारी करू?" नवरा हसला, "तू कसली तयारी करतेस? जाणार मी!"

आम्ही हसलो नाही. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला ठाऊक असते, की माणूस दूर गेला की त्याच्या जागी कागद बोलतो. आम्ही तिला सगळे कागद आणायला सांगितले. पाहतो तर, आधारकार्डावर माहेरचे नाव, बँकेत सासरचे आणि विम्यात तिचे नावच नाही! लग्नाआधी लिहिलेले आईचे नाव तसेच राहिलेले.

दोष कोणाचाच नाही. पण फौजी घरांतल्या आमच्या भगिनींनी एवढे तरी पाहावे.

पहिली गोष्ट लग्नाची नोंद. विहारात लग्न लागले, फोटो निघाले, एवढ्याने भागत नाही. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत वा महापालिकेत नोंद करून दाखला घ्यावा. मग फौजेच्या दप्तरात लग्नाची आणि प्रत्येक मुलाच्या जन्माची नोंद झाली का, हे नवऱ्याला विचारावे. तिला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. तिच्यातले नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. उद्या फॅमिली पेन्शनचा प्रश्न आला, तर एका अक्षरापायी हेलपाटे पडतात.

दुसरी गोष्ट वारसाची. आर्मी ग्रुप इन्शुरन्स, फंड, बँक, प्रत्येक ठिकाणी कोणाचे नाव आहे ते पाहावे. म्हाताऱ्या आईला वाऱ्यावर सोडा, असे आम्ही म्हणत नाही. विम्यात टक्के घालून दोघींचीही नावे लिहिता येतात. हे सासूबाईंसमोर, मोकळेपणाने बोलावे.

तिसरी गोष्ट पैशाची. खाते दोघांच्या नावे आणि दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल असे असावे. तो घरी असतानाच एकदा एकटीने बँकेत जाऊन पैसे काढून यावे. भीती तिथेच मोडते. घराचे, जमिनीचे काम अडलेले असेल तर त्याने मुखत्यारपत्र करून द्यावे.

चौथी गोष्ट पत्त्याची. त्याचा आर्मी नंबर, हुद्दा, पलटण, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता आणि फोन वहीत लिहून ठेवावा. जिल्ह्याच्या गावी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, तेही पाहून यावे. दक्षिण सुदानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. त्याचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेअकरा. फोन आला नाही म्हणून उगाच घाबरू नये.

काहींना वाटेल, जाताना असले अशुभ बोलणे कशाला? बंधुभगिनींनो, एप्रिल २०१३ मध्ये याच दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेतले आपले पाच फौजी हल्ल्यात कामी आले. १९८७ साली श्रीलंकेत महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी प्राण दिले, त्यांना परमवीरचक्र मिळाले. ही रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, तेव्हापासून आपल्या घरांनी फौजेला मुले दिली. शौर्याचा अभिमान धरावाच. पण जवानाच्या मागे त्याची बायको कचेरीच्या दारात नुसती उभी राहू नये, हेही बघायला नको का?

त्या मुलाने सुट्टीतले आठ दिवस कागदांसाठी घातले. आईनेच म्हटले, "सुनेचं नाव आधी लिही." आता सगळे कागद एका कापडी पिशवीत, खुंटीला आहेत. गाडीत बसताना तो बायकोला म्हणाला, "पिशवी सांभाळ." ती म्हणाली, "पिशवी मी सांभाळते. तुम्ही स्वतःला सांभाळा."