साडीच्या खोक्यात मावणारं घर

आरोग्याच्या पानावर खेळण्यांचं काय काम, असं कुणीतरी म्हणेलच. म्हणून आधीच सांगते, मी भातुकलीबद्दल लिहिते आहे आणि ते याच पानावर लिहायचं आहे.

मोठ्या माणसांचा एक छंद आहे. खरं घर, स्वयंपाकघर, दुकान, गल्ली यांची अगदी छोटी प्रतिकृती हातानं बनवायची, किंवा दुसऱ्यांनी बनवलेल्या अशा वस्तू जमवायच्या. परदेशात त्याला मिनिएचर म्हणतात, बाहुलीघर म्हणतात. त्याचं एक ठरलेलं माप आहे: खऱ्या वस्तूचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच. आपल्याकडची भातुकली त्यातलीच. पुण्याचे विलास करंदीकर यांनी भातुकलीचा मोठा संग्रह केला. त्यांची प्रदर्शनं महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरली आणि आजीबाईंपासून नातवंडांपर्यंत लोकांनी ती पाहिली. सावंतवाडीची लाकडी खेळणी तर आपल्यातल्या कोकणच्या मंडळींना सांगायला नकोत.

वस्तीत हा विषय काढला की दोन उत्तरं येतात. एक, "ताई, हे रिकामटेकड्यांचे धंदे." दुसरं, "हे आपलं नाही."

दुसरं उत्तर मला समजतं. भातुकली म्हटली की डोळ्यांसमोर पितळेचा बंब, तांब्याची घागर, घंगाळ येतं. आपल्या किती आज्यांकडे तांब्याची घागर होती? बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू गावची घटना दिली आहे. तिथल्या बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य बायकांनी धातूच्या भांड्यातून पाणी आणायला सुरुवात केली, म्हणून त्यांना मारहाण झाली. घागर मातीची नसून धातूची होती, एवढाच गुन्हा. तेव्हा पितळी भातुकली पाहून आपल्या बाईला "हे माझ्या घरचं" वाटत नसेल तर त्यात तिची चूक नाही.

पण छोट्या वस्तू बनवणं आपलं नाही, हे मला मान्य नाही. आपण राहतो त्या नालासोपाऱ्यातच याचं उत्तर आहे. सोपाऱ्याचा स्तूप तुम्ही पाहिला असेल, बुद्धपौर्णिमेला वंदनेलाही गेला असाल. लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथं उत्खनन केलं. मधोमध दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सगळ्यांत आत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे, जे भगवंतांच्या भिक्षापात्राचे मानले जातात. सोबत सोन्याची छोटी छोटी फुलं. आणि तांब्याच्या करंडकाभोवती धातूच्या आठ लहान मूर्ती, सात बुद्ध आणि आठवे मैत्रेय. हा ठेवा मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. एकात एक बसणारे ते करंडक घडवणारा कारागीर कोण होता ते ठाऊक नाही, पण बारीक कामात त्याचा हात बसलेला होता, आणि ते काम त्यानं आपल्या स्टेशनापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी ठेवण्यासाठी केलं.

आजही आपली मुलं हे करतात. १४ एप्रिलला थर्माकोलची दीक्षाभूमी, पुठ्ठ्याची चैत्यभूमी, राजगृह, संसद भवन. हात आहेत, कल्पना आहे. मात्र आपण स्मारकं छोटी करतो, स्वतःचं घर कधी करत नाही. माझं म्हणणं आहे की एकदा तेही करावं.

माप सोपं आहे. वस्तीतली खोली साधारण दहा फूट बाय बारा फूट. छंदाच्या मापानं ती होते दहा इंच बाय बारा इंच, म्हणजे साडीच्या खोक्यात मावते. दार सहा इंचांचं. दोऱ्याचं रिकामं रीळ म्हणजे गॅसचा सिलिंडर. काडेपेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक. पाण्याचा निळा ड्रम तीन इंचांचा, गोळ्यांच्या रिकाम्या डबीतून होतो. एक माणूस झोपायला सहा फूट बाय तीन फूट जागा धरा, ती होते सहा इंच बाय तीन इंच, म्हणजे हातातल्या मोबाईलएवढी. आता मोबाईलएवढे पुठ्ठ्याचे सहा तुकडे कापा आणि खोक्यात मांडा. खोक्याचं क्षेत्रफळ एकशेवीस चौरस इंच. सहा माणसांनी त्यातले एकशेआठ घेतले. उरलेल्या बारांत ओटा, कपाट, ड्रम, मोरी आणि पोरांचा अभ्यास. ही गोष्ट आपल्याला माहीत असतेच, पण रोज त्या खोलीत राहून ती दिसत नाही. वरून पाहिली की दिसते.

नर्सच्या नोकरीत मी किती घरं पाहिली असतील! पेशंटच्या उशाशी बसून "घरात खिडकी आहे का, रात्री कोण कुठं झोपतं, पाणी किती दिवस साठवता" असं विचारलं की बायका लाजतात, काहीतरी सांगून मोकळ्या होतात. खोकं पुढ्यात असलं की तसं होत नाही. मग बोट ठेवून सांगतात. ही खिडकी, पण बाहेर भिंत आहे, म्हणून कपाटानं बंद केली. हा ड्रम, झाकण तुटलंय. एवढं कळलं तरी आरोग्याची कितीतरी कामं पुढं सरकतात. कपाट हलवलं तर हवा येते, आणि टीबीचा जंतू बंद खोलीत टिकतो, वाहत्या हवेत पातळ होतो. ड्रम आठवड्यातून एकदा रिकामा करून घासला तर डेंग्यूच्या डासाची अंडी राहत नाहीत. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, हे तर मी प्रत्येक अंकात लिहीन.

मागच्या वर्षी आम्ही काही मुलींना पुठ्ठे, कात्री देऊन बसवलं होतं. एकीनं खोकं छान सजवलं, आणि मग काडेपेटीचा एक खोका टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. हे काय? म्हणाली, "संडास." एवढ्या लांब? "लांबच आहे. आणि तिथं लाईट नाही." तिची आई शेजारीच उभी होती. बोलता बोलता निघालं की संध्याकाळी पाचनंतर घरातली एकही बाई पाणी पीत नाही, रात्री जायला नको म्हणून. त्या घरात लघवीच्या जळजळीची औषधं वर्षानुवर्षं चालू आहेत. पाणी कमी पिणं आणि लघवी रोखून धरणं, त्यातून होणारा संसर्ग, हे मी किती भाषणांत सांगितलं होतं. त्या टेबलावर मात्र कुणाला काही सांगावं लागलं नाही.

इंग्लंडमध्ये राणी मेरीसाठी एक बाहुलीघर बांधलं होतं. आराखडा लुटेन्सचा, ज्यानं नवी दिल्ली उभी केली तोच. काम १९२४ साली पुरं झालं, आणि ते विंडसरच्या राजवाड्यात आजही पाहायला मिळतं. त्या बाहुल्यांच्या घरात विजेचे दिवे आहेत, नळाला पाणी येतं आणि संडासात फ्लश चालतो. मेरी ही हिंदुस्थानच्या बादशहाची राणी. तिच्या बाहुल्यांच्या नळाला पाणी आल्यावर तीन वर्षांनी, १९२७ साली, याच बादशहाच्या राज्यात बाबासाहेबांना महाडला हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं. कारागिरीला मी नावं ठेवत नाही, ती अप्रतिमच आहे. पण घर छोटं करताना कुणाचं घर करायचं हे आपण ठरवायचं असतं.

मनाच्या आरोग्यासाठीही याचा उपयोग नवा नाही. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाई होत्या. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी आपल्या दवाखान्यात वाळूचा ट्रे आणि छोटी घरं, माणसं, जनावरं, झाडं ठेवली. ज्या मुलांना बोलून सांगता येत नव्हतं ती मांडून दाखवू लागली. मुलांनीच त्याला ‘जग’ असं नाव दिलं. आज ही पद्धत अनेक देशांत वापरतात. अर्धांगवायूनंतर बोटांत ताकद आणण्यासाठी मणी उचलणं, माती मळणं असे व्यायाम देतात, तेही याच जातीचं काम. आणि म्हाताऱ्या माणसांची स्मृती जाऊ लागली की जुन्या वस्तू हातात देऊन त्यांना जुन्या दिवसांबद्दल बोलतं करतात. आपल्या वस्तीतल्या एखाद्या आजोबांना गावाकडच्या बौद्धवाडीतलं घर करायला सांगा. कौलं कशाची होती, पाणवठा कुठं होता, गावाची हद्द कुठं संपत होती, सगळं निघेल. नातवानं कापायचं, आजोबांनी सांगायचं.

नालासोपाऱ्याला हे सांगण्याचं आणखी एक कारण आहे. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या अनधिकृत ठरलेल्या ४१ इमारती पाडल्या गेल्या. शेकडो कुटुंबं भाड्याच्या खोल्या शोधत पांगली. बांधणारा कोण, परवानगी देणारा कोण, भोगणारा कोण, यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. इथं फक्त मुलांपुरतं बोलते. घर पडताना पाहिलेलं मूल नीट झोपत नाही, अंथरूण ओलं करतं, शाळेत गप्प बसतं. त्याला "विसर आता" म्हणू नका. ते घर करू द्या, भिंतीचा रंगसुद्धा तोच लावू द्या. सीरियातून अमेरिकेत गेलेले मोहम्मद हाफेज नावाचे वास्तुविशारद आहेत. ते उद्ध्वस्त घरं, खोल्या जुन्या सूटकेसच्या आत छोट्या रूपात उभ्या करतात आणि लोकांना दाखवतात. त्रास महिनाभर टिकला तर मात्र खोक्यावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता पहिल्या उत्तराकडे, रिकामटेकड्यांच्या धंद्याकडे. आपल्या कितीतरी बायका घरी बसून नगावर काम करतात. मणी ओवणं, खडे चिकटवणं, पाकिटं भरणं. दिवसभर हेच करून ज्यांचे डोळे आणि मान गेली, त्यांना मी रात्री आणखी बारीक काम करा असं सांगणार नाही. तिनं पाय पसरून बसावं आणि नवऱ्याला, पोराला कात्री द्यावी. भातुकली पोरींचीच असते हेही आपण सोडून दिलेलं बरं. आणि बचत गटातल्या माझ्या मैत्रिणी लगेच विचारतील, विकायचं कुठं? विकायचंच नाही. गरिबाच्या हातानं केलेली प्रत्येक वस्तू बाजारात गेलीच पाहिजे असा नियम कुणी केला?

चाळिशी उलटली असेल तर आधी डोळे तपासा. जवळचा चष्मा नसताना हट्टानं बारीक काम केलं की डोकं दुखतं. दिवसाच्या उजेडात बसा, वीस मिनिटांनी मान वर करून लांब पाहा.

फेविक्विकसारखा झटपट गोंद मुलांच्या हातात देऊ नका. तो सुती कपड्यावर सांडला तर एकदम तापतो आणि चटका बसतो. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात हळूहळू सोडवा. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, पापण्या ओढायच्या नाहीत, पाण्यानं धुवा आणि सरळ दवाखाना गाठा. पुठ्ठ्याला साधा पांढरा फेविकॉल किंवा कणकेची खळ पुरते. थिनर आणि रबर सोल्युशन घरात आणूच नका. त्यांचा वास घेण्याची सवय पोरांना कशी लागते ते वस्तीत आपण पाहतो. थर्माकोल गरम तारेनं कापताना निघणारा धूर चांगला नसतो, शिवाय पुठ्ठा फुकट मिळतो.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर सव्वा इंचापेक्षा लहान वस्तू त्याच्या हाताला लागता कामा नये, श्वासनलिकेत अडकते. छोट्या लाईटमधला बटणासारखा सेल सगळ्यांत घातक. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि एक्स-रे काढा.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला विहारात स्मारकांच्या प्रतिकृतींशेजारी घरांची खोकीही मांडावीत, असं मी आमच्या मंडळात सुचवलं आहे. नंबर, बक्षीस काही नको. नगरसेवक पाहुणे म्हणून येणार असतील तर त्यांना तिथून सावकाश नेता येईल. फक्त संडास दाखवायचे तर टेबल बरंच लांब लागेल.