चप्पल, घराणे आणि फेफरे

कोल्हापूरची चप्पल जगात गाजली, पण तिच्यावर एक काम उगाच लादले गेले आहे. रस्त्यात कोणाला फेफरे आले की गर्दीतला कोणीतरी हमखास पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरतो. थोड्या वेळाने रोगी शांत होतो आणि श्रेय चपलेला मिळते. विद्यार्थी मित्रहो, असा प्रसंग दिसला तर घड्याळाकडे पाहा. बहुतेक झटके दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतात. चप्पल हुंगवली तरी, न हुंगवली तरी.

झटका येतो कशाने? राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तुम्हांला ठाऊक असतीलच. पाणी ठराविक पातळीला चढले की ते आपोआप उघडतात, उतरले की मिटतात. मेंदूतील चेतापेशींच्या आवरणातही असेच सूक्ष्म दरवाजे असतात. ते विद्युतदाब चढला की उघडतात. त्यांना आयनमार्ग म्हणतात. सोडियमचा मार्ग जेमतेम एक सहस्रांश सेकंद उघडा राहतो, तेवढ्यात विद्युतभारित सोडियम आत शिरतो आणि संदेश पुढे जातो. हा मार्ग म्हणजे सुमारे २००० अमिनो आम्लांची माळ. जनुकातील उत्परिवर्तनाने त्यातला एक मणी बदलला तरी दरवाजा बिघडू शकतो.

शार्लोट द्रावे या फ्रेंच डॉक्टरीणबाईंनी १९७८ साली तान्ह्या मुलांतील एका तीव्र अपस्माराचे वर्णन केले. २००१ मध्ये त्याचे मूळ 'एससीएन१ए' या सोडियममार्गाच्या जनुकात सापडले. पण सोडियम कमी शिरला तर मेंदू थंड पडायला हवा, तो पेटतो का? कारण हा मार्ग मुख्यतः इतर पेशींना लगाम घालणाऱ्या पेशींत कामाला येतो. लगामच सुटतो! म्हणून सोडियममार्ग अडवणारे कार्बामाझेपिनसारखे नेहमीचे औषध या मुलांचे झटके वाढवते. शेजाऱ्याच्या गोळ्या आपल्या मुलाला देणारे पालक पाहिले की मला भीती वाटते ती यामुळेच.

आता घराण्याविषयी. यांतील बहुतेक मुलांत हे उत्परिवर्तन नव्यानेच घडलेले असते; आईबापांत ते नसते. तरी आईच्या माहेरावर बोट ठेवले जाते. फेफऱ्याचे काही प्रकार आनुवंशिक असतात हे खरे, पण डोक्याला मार लागूनही फेफरे येते, मेंदूत फीतकृमीच्या अळ्या शिरल्यानेही येते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे फेफरे विवाहाला अडसर ठरवले होते. १९९९ मध्ये ते कलमातून वगळले गेले. कायद्याला तेवीस वर्षे लागली. सोयरीक जुळवणाऱ्यांना किती लागणार?

या धास्तीने घरची माणसे शाळेपासूनही दुखणे लपवतात. माझ्या मते वर्गशिक्षकांना आणि बाकावरच्या मित्राला ते ठाऊक असलेच पाहिजे. झटका आला तर त्याला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली दप्तर ठेवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर तडक दवाखाना गाठायचा.