शोकेसबाहेरचा दगड

हरारेहून आणलेलं शोना शिल्प आम्ही शोकेसमध्ये ठेवलं नाही, याचं पाहुण्यांना नवल वाटतं. (आईला तर काळजीच!) पण काचेआड ठेवलं की ती नुसती शोभेची वस्तू होते. हा सर्पेंटाइन दगड हाताने घडवून, घासून, तापवून त्यावर मेण चढवतात, तेव्हा कुठे असा काळाभोर दिसतो. मागची बाजू शिल्पकाराने मुद्दाम खडबडीत सोडलीय, ती हात फिरवल्यावरच कळते. म्हणून खिडकीजवळ, हाताला लागेल असं ठेवलंय. शेजारी त्याच्या नावाची चिठ्ठी. कुणी नुसतं 'आफ्रिकन काहीतरी' म्हटलं की मला राग येतो. अर्थात 'शोना' तरी बरोबर कशावरून? १९६६ साली सुरू झालेल्या तेंगेनेंगेत मलावी, अंगोला, मोझांबिकमधून आलेलेही शिल्पकार होते. तेव्हा घरी आलात तर आधी चिठ्ठी वाचा, मग खुशाल हात लावा. उचलायचंच असेल तर दोन्ही हातांनी.